हत्ती आणि गेंडे किती संकटात आहेत, हे कसे तपासावे

मध्य आफ्रिकेतील गॅबॉन या एकट्या देशात सुमारे ९५ हजार वनहत्ती असल्याचा अंदाज २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्याच वर्षी आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आपल्या लाल यादीत या वनहत्तीची नोंद ‘अतिसंकटग्रस्त’ अशी केली, ज्या वर्गाच्या पुढे निसर्गातून नाहीसे होणे एवढेच उरते. भारत आणि नेपाळ या दोन देशांत मिळून एकशिंगी गेंडे जेमतेम चार हजार आहेत, तरीही तीच यादी त्यांना दोन पायऱ्या कमी गंभीर अशा ‘असुरक्षित’ वर्गात ठेवते. ज्याला ही विसंगती वाटते, त्याने संकट म्हणजे शिल्लक राहिलेल्या प्राण्यांची संख्या असे मनाशी धरलेले असते, आणि आपल्याकडील बहुतेक बातम्याही तेच धरून चाललेल्या असतात. शिक्षकाला, स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्याला, स्थानिक वार्ताहराला किंवा फोनवर आलेला संदेश पुढे पाठवण्यापूर्वी क्षणभर थांबणाऱ्या कोणालाही हत्ती आणि गेंड्यांची खरी स्थिती स्वतः तपासता यावी, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

प्राणी नेमका कोणता, हे आधी ठरवावे

‘हत्ती संकटात’ किंवा ‘गेंडे वाढले’ या वाक्यांना प्रजातीचे नाव जोडल्याशिवाय अर्थ येत नाही. आज हत्तीच्या तीन प्रजाती मानल्या जातात: आशियाई हत्ती, आफ्रिकेतील सव्हाना हत्ती आणि आफ्रिकेतीलच वनहत्ती. गेंड्यांच्या पाच आहेत: आफ्रिकेतील पांढरा आणि काळा, भारत-नेपाळमधील एकशिंगी, आणि इंडोनेशियातील जावाचा व सुमात्राचा. बातमीसोबतचे छायाचित्र पुष्कळदा भलत्याच प्रजातीचे असते, म्हणून ओळखीच्या काही खुणा लक्षात ठेवाव्यात. आफ्रिकी हत्तीचे कान मोठे असतात, पाठ मधोमध खोलगट दिसते, सोंडेच्या टोकाला बोटासारखे दोन भाग असतात आणि माद्यांनाही सहसा सुळे असतात. आशियाई हत्तीचे कान लहान आणि पाठ फुगीर असते, सोंडेच्या टोकाला असे एकच बोट असते, आणि मोठे सुळे फक्त नरांना येतात. तेही सर्व नरांना नाही, कारण मखना म्हणजे बिनसुळ्याचे नरही असतात. गेंड्यांत भारताचा आणि जावाचा एकशिंगी, उरलेले तिन्ही दोन शिंगांचे. आसामच्या बातमीला दोन शिंगांच्या गेंड्याचे चित्र लावलेले आढळले, तर मजकुराकडेही थोडे सावधपणे पाहिलेले बरे.

याच टप्प्यावर पाळीव आणि वन्य हा भेदही करावा. नांदणी मठाच्या महादेवी हत्तिणीवरून २०२५ मध्ये कोल्हापूर परिसरात मोठे आंदोलन झाले आणि त्या निमित्ताने हत्तींविषयी बरेच लिहिले गेले. त्या वादातील बाजू कोणाची काहीही असो, देवस्थानांतील हत्ती किंवा गडचिरोलीतील कमलापूरच्या कॅम्पमधील हत्ती वन्य हत्तींच्या संख्येत धरले जात नाहीत. लाल यादीतील वर्ग ठरतो तो मोकळ्या रानात जगणाऱ्या आणि तिथेच प्रजनन करणाऱ्या प्राण्यांवरून.

लाल यादीचे पान कसे वाचावे

ही यादी संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहे. शास्त्रीय नावाने शोधल्यास गोंधळ होत नाही. आशियाई हत्तीसाठी ‘एलेफस मॅक्सिमस’ आणि एकशिंगी गेंड्यासाठी ‘ऱ्हायनोसेरॉस युनिकॉर्निस’ ही नावे पुरेशी आहेत. पान उघडल्यावर वर्ग सर्वांत आधी डोळ्यांत भरतो, आणि बहुतेक वाचक तिथेच थांबतात. त्याच पानावरच्या आणखी तीन गोष्टी पाहिल्याशिवाय तो वर्ग पुरेसा कळत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे मूल्यांकनाचे वर्ष. ही नोंद दरवर्षी नव्याने होत नाही, त्यामुळे वर्ग आणि आजची परिस्थिती यांत काही वर्षांचे अंतर असू शकते. पांढरा गेंडा ‘संकटसमीप’ या तुलनेने सौम्य वर्गात आहे, पण २०२४ च्या अखेरीस त्याची संख्या सुमारे १५,७५० वर आल्याचे सांगितले गेले, आणि त्याच्या वर्षभर आधी ती १७ हजारांच्या वर होती.

दुसरी गोष्ट म्हणजे संख्येचा कल, म्हणजे प्राणी वाढत आहे, स्थिर आहे की घटत आहे. काळ्या गेंड्याचे उदाहरण इथे फार उपयोगी आहे. १९७० च्या सुमारास आफ्रिकेत सुमारे ६५ हजार काळे गेंडे होते, १९९५ पर्यंत अडीच हजारांहूनही कमी उरले, आणि तीन दशकांच्या राखणीनंतर आता ते सहा हजारांच्या पुढे गेले आहेत. कल चढता असूनही वर्ग अजून ‘अतिसंकटग्रस्त’च आहे, कारण घट मोजताना तीन पिढ्यांचा काळ धरला जातो आणि त्या काळातील ऱ्हास एवढा मोठा आहे की अलीकडची वाढ तो भरून काढू शकलेली नाही. म्हणून ‘अतिसंकटग्रस्त असूनही वाढ’ आणि ‘संकटसमीप असूनही घट’ ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकतात.

तिसरी गोष्ट म्हणजे वर्गाशेजारी छापलेला इंग्रजी अक्षरे आणि आकड्यांचा संकेत. तो बहुतेक लोक सोडून देतात, आणि माझ्या मते पानावरचा सर्वांत बोलका भाग तोच आहे. संकेताचे पहिले अक्षर कोणत्या निकषावर निर्णय झाला ते सांगते. ‘ए’ म्हणजे दहा वर्षे किंवा तीन पिढ्या, यांपैकी जो काळ मोठा असेल त्यातील घट. प्राणी साधारणपणे ८० टक्क्यांनी घटला तर अतिसंकटग्रस्त, ५० टक्क्यांनी घटला तर संकटग्रस्त, ३० टक्क्यांनी घटला तर असुरक्षित. ‘बी’ म्हणजे वावराचे क्षेत्र आक्रसलेले किंवा तुटलेले असणे. ‘सी’ म्हणजे मूळची संख्या लहान आणि तीही घटती असणे, ‘डी’ म्हणजे संख्याच अत्यल्प असणे, आणि ‘ई’ म्हणजे नष्ट होण्याच्या शक्यतेचे गणिती अनुमान. पुढच्या लहान अक्षरांतून कारणाचा माग लागतो. आशियाई हत्ती ‘ए२सी’ या संकेताने संकटग्रस्त ठरला आहे, आणि त्यातील शेवटचे लहान ‘सी’ अधिवासाची घट दर्शवते. आफ्रिकी हत्तींच्या संकेतांत लहान ‘डी’ येते, म्हणजे शिकार आणि वापर. एकशिंगी गेंडा ‘बी’ निकषावर असुरक्षित आहे: संख्या वाढती असली तरी प्राणी मोजक्याच ठिकाणी आहेत आणि तिथल्या अधिवासाची प्रत खालावत आहे. सुरुवातीची विसंगती इथे सुटते. वनहत्तीला त्याच्या घटीच्या वेगाने अतिसंकटग्रस्त ठरवले, गेंड्याला त्याच्या जागेच्या मर्यादेने असुरक्षित ठरवले. दोघांचे मोजमाप वेगळ्या निकषांवर झालेले आहे.

सरासरीत काय लपले आहे, ते पाहावे

मार्च २०२१ पर्यंत आफ्रिकेतील सर्व हत्ती एकच प्रजाती म्हणून मोजले जात आणि त्यांचा एकत्रित वर्ग ‘असुरक्षित’ होता. दोन प्रजातींचे मूल्यांकन स्वतंत्रपणे केल्यावर वनहत्ती ३१ वर्षांत ८६ टक्क्यांहून अधिक आणि सव्हाना हत्ती ५० वर्षांत किमान ६० टक्के घटल्याचे दिसले, आणि दोघांचाही वर्ग एकदम खाली गेला. त्या वर्षी अचानक हत्ती मेले नव्हते. बोत्सवानासारख्या देशांतील मोठे आणि सुस्थितीतील कळप हिशेबात एकत्र असल्यामुळे कांगो खोऱ्यातील जंगलांत चाललेली पडझड झाकली गेली होती.

वनहत्तीची ही पडझड लवकर भरून निघणारी नाही, कारण त्याची मादी पहिल्यांदा वीते तीच विशीच्या पुढे, आणि दोन पिल्लांमध्ये पाच-सहा वर्षांचे अंतर राहते. हत्तीचा गर्भकाळ सुमारे २२ महिन्यांचा, गेंड्याचा सुमारे १५ ते १६ महिन्यांचा. ज्या प्राण्याची पिढी एवढी सावकाश उभी राहते, त्याच्याबाबत पाच वर्षांच्या आकड्यांवरून ‘संकट टळले’ असे म्हणणे घाईचे ठरते.

आकडा कसा मोजला, हे विचारावे

कोणताही आकडा हाती आला की तो कोणी, कधी, किती क्षेत्रात आणि कोणत्या पद्धतीने मिळवला, हे चार प्रश्न विचारावेत. सव्हाना हत्ती उघड्या माळावर असतात, म्हणून त्यांची गणना विमानातून होते. २०१६ मध्ये निष्कर्ष जाहीर झालेल्या १८ देशांच्या महागणनेत ३,५२,२७१ हत्तींचा अंदाज आला तो असाच. घनदाट जंगलातला वनहत्ती वरून दिसत नाही, म्हणून त्याच्या लिदीचे नमुने गोळा करून डीएनएवरून अंदाज बांधतात. आसामच्या काझीरंग्यात उद्यानाचे लहान विभाग पाडून, पाळीव हत्तींवरून आणि वाहनांतून गेंडे प्रत्यक्ष मोजले जातात; गेंडा मोठा, एकटा फिरणारा आणि गवत कमी असताना दिसणारा असल्यामुळे ही पद्धत तिथे जमून जाते. २०२२ च्या गणनेत २,६१३ गेंडे आढळले.

भारतीय हत्तींच्या बाबतीत हा प्रश्न विचारणे किती आवश्यक आहे, ते २०२५ मध्ये स्पष्ट झाले. २०१७ च्या देशव्यापी गणनेतून २९,९६४ हा आकडा रूढ झाला होता. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेचा २०२१ ते २०२५ या काळातील अंदाज प्रसिद्ध झाला आणि तो २२,४४६ निघाला. वजाबाकी करून सात हजारांहून अधिक हत्ती घटल्याचा निष्कर्ष काढण्याचा मोह सहज होतो, आणि अनेक मथळ्यांनी तो काढलाही. परंतु आधीची गणना मुख्यतः प्रत्यक्ष दिसलेल्या हत्तींवर आधारलेली होती, तर नव्या अंदाजात २१ हजारांहून अधिक लिदीच्या नमुन्यांतून वेगवेगळे हत्ती ओळखून, तोच हत्ती पुन्हा किती वेळा सापडतो यावरून एकूण संख्या काढली आहे. पद्धत बदलल्यामुळे दोन आकड्यांची तुलना करू नये, हा अंदाज यापुढच्या गणनांसाठी आधाररेषा मानावा, असे अहवालातच सांगितले आहे. शिवाय २२,४४६ ही मध्यावरची संख्या आहे आणि अंदाजाची कक्षा १८,२५५ ते २६,६४५ अशी आहे. आकडा उद्धृत करताना ही कक्षाही लिहावी. ती गाळली की अंदाजाला शिरगणतीचा आव येतो.

याचा अर्थ हत्ती घटले नाहीत असाही नव्हे. या दोन आकड्यांवरून ते घटले किंवा वाढले, यांपैकी काहीच सिद्ध होत नाही, आणि बातमी लिहिणाऱ्याने तेवढेच म्हणावे.

प्राणी कुठे आहेत, हे नकाशावर पाहावे

एकशिंगी गेंडा एकेकाळी सिंधूपासून ब्रह्मपुत्रेपर्यंतच्या पूरमैदानांत होता. सोळाव्या शतकात बाबराने पेशावरच्या परिसरात गेंड्यांची शिकार केल्याचे त्याच्या आठवणींत नोंदले आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात दोनशेहून कमी गेंडे उरले होते. तिथून चार हजारांपर्यंत झालेली वाढ हे वन्यजीव संरक्षणातील मोठे यश आहे, यात शंका नाही; पण जगातील साठ टक्क्यांहून अधिक एकशिंगी गेंडे आजही एकट्या काझीरंग्यात आहेत, जिथे दर पावसाळ्यात ब्रह्मपुत्रेचे पाणी शिरते आणि प्राण्यांना महामार्ग ओलांडून कार्बी आंगलाँगच्या उंच भागाकडे जावे लागते. एकाच ठिकाणी साथ, महापूर किंवा राजकीय अस्थैर्य आले तर काय होते, याचे उत्तर आसाममध्येच आहे. अशांततेच्या काळात तिथल्या मानस राष्ट्रीय उद्यानातील गेंडे शिकारीने संपले, आणि २००८ पासून दुसरीकडून गेंडे आणून तिथे नव्याने सुरुवात करावी लागली.

जावाच्या गेंड्याचे उदाहरण आणखी कठोर आहे. व्हिएतनाममधील शेवटचा गेंडा २०१० मध्ये मारला गेला, त्यानंतर ही प्रजाती जावाच्या पश्चिम टोकावरील उजुंग कुलोन या एकाच राष्ट्रीय उद्यानात राहिली. तिथे सत्तरहून अधिक गेंडे असल्याचे अनेक वर्षे सांगितले जात होते. २०२४ मध्ये पोलीस तपासातून काही वर्षांत २६ गेंडे मारले गेल्याचे बाहेर आले, आणि आता अंदाज पन्नासच्या आसपास सांगितला जातो. म्हणजे शिकार चालू असताना कागदावरचा आकडा स्थिर होता.

नकाशा पाहताना उलट चूकही होते. नव्या ठिकाणी हत्ती दिसला म्हणजे हत्ती वाढले, असे मानू नये. सिंधुदुर्गातील दोडामार्ग भागात २००२ पासून कर्नाटकातून हत्ती येत आहेत, आणि २०२१ मध्ये छत्तीसगडमार्गे आलेला कळप गडचिरोलीत शिरला. यामागे मूळ क्षेत्रातील खाणी, धरणे, तुटलेले भ्रमणमार्ग आणि चाऱ्या-पाण्याचा शोध अशी कारणे असू शकतात. नारळ-केळीची बाग रात्रीत गमावलेल्या शेतकऱ्याला ‘हत्ती संकटग्रस्त आहे’ हे वाक्य चेष्टेसारखे वाटले तर त्याला दोष देता येत नाही. पण त्याच्या बागेत आलेला टस्कर आणि लाल यादीतील ‘ए२सी’ हा संकेत एकाच अधिवासाच्या घटीकडे बोट दाखवतात.

शिकारीच्या आकड्यांचा छेद तपासावा

दक्षिण आफ्रिकेत २०१४ मध्ये १,२१५ गेंड्यांची शिकार झाली आणि २०२४ मध्ये ४२० ची. ही घट खरी आहे, पण तिच्या शेजारी मूळ संख्या, म्हणजे अपूर्णांकातला छेद, मांडली पाहिजे: क्रुगर राष्ट्रीय उद्यानात २०११ मध्ये दहा हजारांहून अधिक पांढरे गेंडे होते, ते २०२० पर्यंत सुमारे २,६०० वर आले. मारायलाच कमी उरल्यावर शिकारीचा आकडा उतरणारच. याउलट आसाममध्ये २०२२ साली एकाही गेंड्याची शिकार झाली नाही, आणि तिथली संख्या वाढती असल्यामुळे त्या शून्याला अर्थ आहे.

हत्तींच्या बाबतीत किती मारले यासोबत कोण मारले गेले, हेही पाहावे. आशियाई हत्तीत सुळे फक्त नरांना असल्यामुळे हस्तिदंतासाठीची शिकार एकूण संख्या फारशी न हलवता कळपांचे भवितव्य बिघडवते. केरळमधील पेरियारमध्ये १९८० च्या दशकाच्या अखेरीस एका प्रौढ नरामागे शंभराहून अधिक प्रौढ माद्या अशी स्थिती आली होती. तसेच हत्तीचा प्रत्येक मृत्यू शिकारीचा नसतो. भारतात अनैसर्गिक मृत्यूंमध्ये विजेचा धक्का हे सर्वांत मोठे कारण आहे, त्याखेरीज रेल्वेची धडक आणि विषबाधाही आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये बांधवगडात दहा हत्ती दगावले तेव्हा पहिला संशय घातपाताचा होता. तपासणीत बुरशी लागलेल्या कोदो या भरड धान्यातील विषाकडे निर्देश झाला. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत कारण लिहू नये.

यादी आणि कायदा यांत गल्लत करू नये

लाल यादी हे शास्त्रीय मूल्यांकन आहे, तिच्यामुळे कोणालाही शिक्षा होत नाही. वन्य प्राणी आणि त्यांच्या अवयवांचा देशादेशांतील व्यापार साइट्स या आंतरराष्ट्रीय करारानुसार चालतो, जो १९७५ पासून अमलात आहे. त्याच्या परिशिष्ट १ मध्ये असलेल्या प्राण्यांचा व्यावसायिक व्यापार बंद असतो, परिशिष्ट २ मध्ये परवान्यांनी नियंत्रित असतो. आशियाई हत्ती सुरुवातीपासून परिशिष्ट १ मध्ये आहे. आफ्रिकी हत्तींना १९८९ च्या निर्णयाने तिथे आणले गेले, पण १९९७ मध्ये बोत्सवाना, नामिबिया व झिम्बाब्वे आणि २००० मध्ये दक्षिण आफ्रिका यांचे हत्ती अटींसह परिशिष्ट २ मध्ये गेले. त्यामुळे ‘हस्तिदंताच्या व्यापारावर जगभर बंदी’ हे विधान लिहिण्यापूर्वी वर्ष आणि देश पाहावा. १९९९ आणि २००८ मध्ये साठ्यांची मर्यादित विक्री अधिकृतपणेच झाली होती.

भारतात लागू होतो तो १९७२ चा वन्यजीव (संरक्षण) कायदा. हत्ती आणि एकशिंगी गेंडा दोघेही त्याच्या अनुसूची १ मध्ये, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहेत. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाल्यावर अनुसूची सहावरून चारवर आल्या, म्हणून जुन्या पुस्तकातील अनुसूचींचे क्रमांक जसेच्या तसे वापरू नयेत. देशी हस्तिदंताचा व्यापार १९८६ च्या आणि आयात केलेल्या आफ्रिकी हस्तिदंताचा १९९१ च्या दुरुस्तीने बंद झाला आहे.

हा भाग घरापर्यंत येतो. जुन्या वाड्यांत हस्तिदंती डबी, फणी किंवा मूर्ती निघते आणि ती ‘अँटिक’ म्हणून विकता येईल असे लोकांना वाटते. मालकीचे प्रमाणपत्र असले तरी तिची विक्री करता येत नाही. वारशाने ती पुढे जाऊ शकते, आणि प्रमाणपत्र नसेल तर वस्तू जवळ ठेवणेही अडचणीचे ठरते. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांनी अशी वस्तू सामानात घालून नेऊ नये, कारण सीमा ओलांडताना साइट्स कराराचे नियम लागू होतात. गेंड्याच्या शिंगाची पूड औषधी असल्याचे सांगून कोणी विकत असेल, तर ते शिंग केराटिनचे, म्हणजे आपल्या नखांच्याच द्रव्याचे असते हे लक्षात ठेवावे; आसाम सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये सरकारी कोठारांतील २,४७९ शिंगे जाहीरपणे जाळली, ती या बाजाराला उत्तर म्हणूनच.

अशी विक्री, सुळ्यांचे व्यवहार किंवा वस्तीजवळ आलेला हत्ती यांची माहिती महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या निःशुल्क क्रमांकावर द्यावी. माहिती देताना ठिकाण, वेळ आणि प्रत्यक्ष काय पाहिले एवढेच सांगावे, आणि हत्ती समोर असेल तर त्याचे चित्रीकरण करण्यासाठी जवळ जाऊ नये.